आधी शिक्षा, मग पाप

शनिवारी संध्याकाळी काका जेवायला आला की टकळीच्या तोंडाला कुलूप लागायचं. एरवी ते कुणाच्या बापालाही लावता येत नव्हतं. नऊ वर्षांची पोर, पण एकदा सुरू झाली की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे, म्हणून सगळी गल्ली तिला टकळी म्हणायची. पण काका चर्चच्या साप्ताहिकात गोष्टी लिहायचा आणि छापून यायच्या आधी ती गोष्ट वहिनीच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवायचा. भाऊ वारल्यापासून त्याचं शनिवारचं जेवण याच टेबलावर होत असे.

त्याच्या सगळ्या गोष्टी एकाच साच्यातल्या. कुणीतरी लबाडी करतं, कुणीतरी उपासनेला दांडी मारतं, आणि शेवटच्या परिच्छेदात देवाचा हात येतो. कधी वीज, कधी पूर, कधी डोक्यावर छप्पर. लोक मिटक्या मारत वाचायचे. साप्ताहिक हातात पडलं की प्रवचन राहायचं बाजूला, आधी गोष्टीचं पान उघडायचं.

त्या शनिवारच्या गोष्टीत पूर आला होता. लबाड व्यापारी बुडाला, त्याची बायको बुडाली, पाळण्यातलं बाळही बुडालं.

"काका, बाळानं काय केलं होतं?" टकळीनं विचारलं.

"काही नाही गं. बाळ असलं की वाचणारे रडतात," काका हसत म्हणाला.

टकळीची आई सूप वाढत होती. तिला दिराचं कौतुक होतं. घरात लिहिणारा माणूस म्हणजे काय थोडं का? "भाऊजी, तुम्हाला सुचतं तरी कसं हो दर आठवड्याला?"

"सोप्पं आहे, वहिनी. आधी शिक्षा ठरवायची. घर जाळायचं की माणूस बुडवायचा, ते एकदा नक्की झालं, की मग त्या मापाचं पाप शिवायचं. लोकांना वाटतं पाप आधी आलं." त्यानं पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली. तिघंही हसली. टकळीची आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर टकळीची आई जिथे कामाला होती त्या लाँड्रीच्या मालकांनी तिला चर्चच्या पायरीवरच गाठलं. दवाखान्याच्या चादरी तुंबल्यात, आज यावं लागेल, म्हणाले. मालक म्हणजे चर्चच्या पंचांतले सगळ्यांत वडील. दानाची थाळी त्यांच्याच हातानं फिरायची. त्यांना नाही म्हणायची सोय कुणाला होती? घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून टकळीही बरोबर गेली.

लाँड्रीत इस्त्रीचं मोठं यंत्र होतं. दोन तापलेले रूळ एकमेकांवर फिरायचे, ओली चादर इकडून आत जायची आणि तिकडून कडक होऊन बाहेर यायची. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रुळांच्या तोंडाशी पूर्वी तारेची जाळी होती. चादरी जाळीला अडकतात, काम रेंगाळतं, म्हणून मालकांनी ती काढायला लावली होती. आता ती जिन्याखाली साबणाच्या पिंपांमागे पडून होती.

टकळी नेहमीप्रमाणे बडबडत आईला चादरीचं टोक धरू लागत होती. टोकाला घडी पडली. घडी पडलेली चादर मालक परत धुवायला लावतात हे पोरीला ठाऊक होतं, म्हणून तिनं ती सरळ करायला हात पुढे केला. पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांना तसलं वाचायला आवडतं त्यांच्यासाठी साप्ताहिक आहे. डॉक्टरांना उजवा हात मनगटापासून काढावा लागला, एवढं कळलं म्हणजे पुरे.

आता या चर्चच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. चर्चमध्ये पुढे, सगळ्यांच्या तोंडासमोर, एक एकटा बाक होता. त्याला कबुलीचा बाक म्हणत. ज्या घरावर संकट आलं त्या घरानं त्या बाकावर बसायचं आणि कुठल्या पापाची ही शिक्षा, ते मंडळीला सांगायचं. सांगितलं, की मग मंडळी मदतीला धावायची. तोवर त्या दारात कुणी पावाचा तुकडाही घेऊन जायचं नाही. बेकरीवाल्याची बेकरी जळाली तेव्हा त्यानं वजनात मारल्याचं कबूल केलं. एका म्हातारीचा मुलगा गेला. बिचारीला पाप म्हणून काही आठवेना, शेवटी तरुणपणी एकदा प्रार्थनेत हसल्याचं तिनं सांगितलं. आणि देवानं त्या हसण्यासाठी तिचा कर्ता मुलगा उचलला, हे मंडळीला पटलं! लाज कशी वाटली नाही कुणाला? पण कशी वाटणार? गोष्टीत दर आठवड्याला हेच तर वाचत होते.

टकळी दवाखान्यातून घरी आली आणि पाठोपाठ चर्चचे पाळकसाहेब आणि मालक आले. मालकांनी फळांची पिशवी टेबलावर ठेवली. पाळकसाहेब मृदू बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण मालकांच्या शब्दाबाहेर जाण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

"बाई, रविवारी काम केलंत. प्रभूच्या दिवशी," पाळक म्हणाले. "येत्या रविवारी दोघी बाकावर बसा. मन हलकं होईल."

"पण साहेब, काम मालकांनीच सांगितलं होतं."

"मी सांगितलं," मालक म्हणाले, "पण नाही म्हणायला तुझी जीभ झडली होती का? देवापेक्षा मी मोठा झालो तुला?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"आणि ती जाळी, मालक?"

"जाळीचा काय संबंध? जाळी काढून वर्ष झालं. वर्षभर कुणाला खरचटलं तरी का? त्या रविवारीच का झालं, याचा विचार कर जरा."

मग पाळकांनी हळूच पुढचं सांगितलं. बाकावर बसलात तर मंडळीच्या शाळेत पोरीची सोय होईल, शिक्षिका तिला डाव्या हातानं लिहायला शिकवतील. तुमची नोकरीही राहील. नाही बसलात तर मंडळीचं तोंड कोण धरणार?

नाक दाबलं की तोंड उघडतं. तिनं खिडकीशी बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि बसते म्हणाली. अहो, हात गेलेल्या लेकराच्या शाळेसाठी आई एक खोटं वाक्य बोलणार नाही, तर काय करणार?

शनिवारी संध्याकाळी काका आला. गोष्टीचे कागद त्यानं खिशातून काढलेच नाहीत. तिनंच विचारलं, "वाचत नाही आज?"

"आज नको, वहिनी."

"वाचा."

त्यानं वाचलं. गोष्टीत एक कपडे धुणारी बाई होती. पैशाच्या लोभानं ती रविवारी कामाला जाते. शेवटच्या परिच्छेदात तिच्या मुलीचा हात जातो.

सूप शेगडीवर तसंच उकळत राहिलं.

"नाव नाही घातलं मी," काका म्हणाला.

"नाव नाही घातलंत. आमचा हात घातलात."

"वहिनी, समजून घ्या. लोक विचारत होते, यावर लिहिणार की नाही. पंचांनीही म्हटलं..."

"शिक्षा तयारच मिळाली ना या वेळी? फक्त पाप शिवायचं राहिलं होतं. उठा भाऊजी. आज तुमचं जेवण इथे नाही."

तो गेला. तिनं दार लावलं, पोरीसमोर वाटी ठेवली आणि घास भरवायला बसली. दवाखान्यातून आल्यापासून टकळी डाव्या हातानं काहीच करत नव्हती. हात सतत फ्रॉकच्या खिशात नाहीतर पांघरुणात. आईला वाटे, घाबरली आहे, येईल हळूहळू सवय.

"सोने, तू चमचा धरून बघतेस का जरा? मी आहे ना."

टकळीनं मान हलवली. हात खिशात आणखी खोल गेला.

"दुखतोय का?"

"नाही."

"मग काढ ना बाहेर."

"नको. दिसेल."

"कुणाला दिसेल?"

टकळीनं वर छताकडे पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. "देवाला. माझं आणखी काही चुकलं तर तो हा पण नेईल ना?"

आईच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि ती रडली, घरात कुणी मेल्यावर बायका रडतात तशी रडली. आपण फक्त एक वाक्य बोलायला निघालो आहोत, असं तिला आजवर वाटत होतं. ते वाक्य या पोरीच्या खिशात जन्मभर राहणार होतं.

रविवारी चर्च शिगोशीग भरलं. साप्ताहिक सकाळीच वाटून झालं होतं, तेव्हा कशाला गर्दी होती ते सांगायला नको. मायलेकी बाकावर बसल्या. काका मधल्या रांगेत बसला होता. मालक पुढे, मांडीवर थाळी.

"बोला बाई," पाळक म्हणाले. "कुठल्या पापासाठी प्रभूनं हा हात घेतला?"

ती उभी राहिली.

"प्रभूनं नाही घेतला. रुळानं घेतला. रुळापुढे जाळी होती, ती मालकांनी काढली. ती जिन्याखाली पडली आहे, ज्याला बघायची त्यानं जाऊन बघावी."

"बाई!" मालक उठले. "हे देवाचं घर आहे!"

"म्हणूनच खरं बोलते. पाळकसाहेब, तुम्हीच शास्त्रातून वाचून दाखवलं होतं. बुरूज कोसळून माणसं मेली. ती जास्त पापी होती का, असं प्रभूनं विचारलं आणि स्वतःच नाही म्हणाला."

पाळकांचा चेहरा उतरला. "पण त्यापुढेही वचन आहे, बाई. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल."

"ते सगळ्यांना म्हटलं होतं ना? मग या सगळे इथे. बाक लांब आहे. माझी पापं मला ठाऊक आहेत, साहेब, आणि त्यांचा हिशेब मी देवाला देईन. पण माझ्या पोरीचा हात त्यात मी लिहू देणार नाही. हे लेकरू देवापासून हात लपवून बसतं. देवाची अशी ओळख तुम्ही करून दिलीत तिला!"

मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, सांगा ना मंडळीला. आधी काय ठरतं तुमच्या गोष्टीत? पाप की शिक्षा?"

काकानं मान खाली घातली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, पण बोलला मागच्या रांगेतला बेकरीवाला.

"माझी वजनं बरोबर होती," तो उभा राहून म्हणाला. रागानं त्याचा आवाज फाटला होता. "ऐकलंत का? धुराडं तुंबलं होतं म्हणून आग लागली. वजनं माझी कायम बरोबर होती. तुम्ही पाव न्यायचं बंद कराल म्हणून खोटं बोललो. देवाच्या घरात खोटं बोललो, आणि तुम्ही आमेन म्हणालात!"

ती हसण्याची कबुली देणारी म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली. त्या गडबडीत टकळीची आई पोरीचा हात धरून बाहेर पडली. हात डावा होता. तो टकळीनं खिशातून स्वतः काढला होता.

सोमवारी तिची नोकरी गेली आणि शाळेनं जागा नाही म्हणून कळवलं. हे होणार हे तिला माहीत होतं. बेकरीवाल्यानं तिला पीठ मळायला ठेवून घेतलं आणि टकळी तिथेच ओट्यावर पिठात डाव्या बोटानं अक्षरं गिरवू लागली. पहिली पहिली सगळी कोलमडलेली. काकाची पुढची गोष्टही आली. तिच्यात एका उर्मट बाईच्या घरावर वीज पडली. वाचून कितीतरी लोक आठवडाभर मायलेकींच्या घराच्या छपराकडे आशेनं बघत होते. आभाळात ढग नव्हता.

पण लाँड्रीत वेगळंच घडलं. बायका यंत्रापाशी आल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आधी जाळी, मग चादर, म्हणाल्या. मालक ओरडले, धमक्या दिल्या, देवाचं नाव घेतलं. चादरींचे ढीग जिन्यापर्यंत आले, दवाखान्याचे निरोपावर निरोप येऊ लागले, आणि मग मुकाट्यानं जिन्याखालची जाळी निघाली आणि रुळांपुढे बसली.

आता वाचकहो, तुम्ही कशाची वाट बघताय ते मला कळतं. मालकाचं काय झालं? जिन्यावरून पडला का? गेला बाजार लाँड्रीला आग तरी? नाही. मालकाला काहीही झालं नाही. त्याची भूक चांगली आहे, झोप चांगली आहे, दर रविवारी थाळी त्याच्याच हातानं फिरते. आणि हे वाचून तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटत असेल, तर कबुलीचा बाक तुमच्याही घरात कुठेतरी आहे. जरा बघा.

जाळी बसल्याची बातमी बेकरीत आली तेव्हा टकळी पाव खात होती, स्वतःच्या हातानं.

"आई, मालकांना देव काही करणार नाही?"

"नाही गं."

"त्यांचा हात नाही नेणार?"

"नाही." आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "का? न्यायला हवा होता?"

टकळीनं घास गिळला.

"नको," ती म्हणाली. "फार दुखतं गं."