हंड्याला काय मारू?

खालापूरकडून खोपोलीला जाताना रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड लागते. आतून दिवसभर फुस्स् असा आवाज येत असतो, एखादा भलामोठा प्रेशर कुकर शिट्टी द्यायची विसरल्यासारखा. ती येसाजी पिंगळ्यांची शेड. गंजकं, पोपडे धरलेलं लोखंड इथे टेंपोतून येतं, हवेच्या जोरावर बारीक कणांचा मार खातं आणि नव्या नवरीसारखं लख्ख होऊन परत जातं. बोर्डावर धंद्याचं नाव इंग्रजीत आहे. गाव त्याला 'वाळू मारणं' म्हणतं.

खरं तर वाळू शेडमध्ये औषधालाही नाही. येसाजी तरुणपणी खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटावर हेच काम करायचा, तेव्हा नदीची वाळूच मारत. तोंडाला फडकं बांधायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. त्याच्याबरोबर पोशीरहून आलेला धोंडी त्या धुळीने खोकत खोकत गेला. येसाजीने स्वतःची शेड घातली तेव्हा पहिला नियम केला की वाळूचं पोतं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आणि तरी त्या दिवसांचा विषय निघाला की गडी खुलतो. धोंडी कसा भाकरीला धूळ लागू नये म्हणून डबा शर्टाच्या आत ठेवायचा, आणि मग घामाने भाकरी कशी ओली व्हायची, हे सांगताना हसून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. ज्या दिवसांनी माणसाकडून एवढं वसूल केलं, त्यांच्याच नावावर तो इतकी माया कशी जमा करतो, हा ताळेबंद मला अजून लागलेला नाही. मी शेडचं स्टोअर सांभाळतो. माझं काम तेवढंच.

स्टोअरमध्ये आता तऱ्हेतऱ्हेचा मारायचा माल असतो. प्रत्येक पोत्यावर कंपनीचा नंबर. येसाजीचा मुलगा स्वप्नील डिप्लोमा करून आल्यावर त्याने वर छापील लेबलं डकवली. कोणत्या धातूला कोणता माल आणि किती दाब, सगळं नीट आणि बरोबर लिहिलेलं. पण मारणारी माणसं पडली भातशेतीतली. त्यांनी आपल्या मनाने नावं पाडलेली आहेत. पोलादाचे गोल दाणे म्हणजे मोहरी. पोलादाचेच टोकदार तुकडे, जे जाड गंजसुद्धा ओरबाडून काढतात, ते कणी. काचेचे गुळगुळीत मणी म्हणजे साबुदाणा. आणि सगळ्यात मऊ माल म्हणजे तूस. त्याला मात्र टोपणनाव नाही, ते खरोखरच भाताचं तूस आहे. कर्जतकडे बंगले बांधणारे मुंबईकर जुनी दारं विकत घेतात आणि 'रंग काढा, पण लाकूड जुनंच दिसू दे' म्हणतात. त्यासाठी येसाजी पोशीरच्या गिरणीतून तूस आणून चाळून, वाळवून ठेवतो. स्टोअरमध्ये नवा माणूस आला की त्याला वाटतं, हे किराणा दुकान आहे.

यंदाच्या लग्नसराईत येसाजीची थोरली बहीण ललिताबाई दहिवलीहून रिक्षा करून आली. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला हंडा. पितळेचा, पण ते तिने सांगितलं म्हणून कळलं. चुलीच्या काजळीने तो तव्यासारखा काळा झाला होता. नात रोहिणीचं लग्न ठरलं होतं, रुखवतात हा हंडा ठेवायचा होता. चिंच झाली, राख झाली, बाजारातली पावडर झाली. काजळी हलत नव्हती. सुनेचं म्हणणं, नवा स्टीलचा ठेवू या, हे काळं ध्यान कोण बघणार. ललिताबाईने गोणपाट शोधलं. रिक्षा बोलावली.

शेडमध्ये खुर्चीवर बसून चहा पिताना तिने सगळं सांगितलं. हंडा तिच्या लग्नातला. आईने कर्जतच्या भांडीवाल्याकडून घेतला आणि गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतलं: 'चि. हिरू हिस आईकडून, पोशीर'. आईला अक्षर येत नव्हतं. म्हणून तिने ते भांडीवाल्याकडून वाचून घेतलं, मग त्याच्यावर विश्वास नाही म्हणून शेजारच्या शिंप्याकडून वाचून घेतलं, आणि तरी वाटेत भेटेल त्याच्यापुढे हंडा धरत घरी आली. नेरळच्या अलीकडेच अर्ध्या तालुक्याला पोरीचं नाव पाठ झालं होतं.

आणि मग लग्नात नवऱ्याकडच्यांनी तांदळात नाव लिहिलं ललिता. हिरू तिथेच संपली. आईबाप गेले, तिला हिरू म्हणणारी थोरली माणसं गेली. येसाजी धाकटा, तो आक्काच म्हणणार. शाळेचा दाखला कधीच हरवलेला. रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडे ललिता.

"येसा, चमक कमी आली तरी चालंल," ती म्हणाली. "माजं नाव तेवढं राहिलं पायजे. दुसरं कुठं लिवलेलं नाय ते."

स्वप्नील म्हणाला, आत्या, साबुदाणा मारू, छान रेशमी दिसेल. येसाजीने मान हलवली. पितळ मऊ, ठिपके उथळ. काचेच्या मण्यांनी त्यांच्या कडा बसतील. स्वप्नीलने विचार केला आणि ते खरं आहे म्हणाला. तूसच मारायचं ठरलं, तेही कमी दाबाने. पण हे ठरलं बापलेकात, चहाच्या टेबलाशी. मारणारा पोपट तेव्हा बाहेर पाईप धूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्रेसरचा वॉल्व्ह रुसला, म्हणून येसाजी तो बदलून आणायला खोपोलीला गेला. स्वप्नील कोटेशन द्यायला पनवेलकडे. येसाजीचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलेलं होतं. कुणाच्या तरी हळदीला जेवताना त्याने नाही म्हणायचा शब्द वापरला नव्हता. घरून त्याच्या बायकोने, छायावहिनींनी, शेडवर फोन केला. यांचा फोन लागत नाय, लागला तर विचार डब्यात काय धाडू. पोपटने पाच-सहा वेळा लावला तेव्हा एकदाचा लागला. घाटाखाली रेंज ही सरकारी अधिकाऱ्यासारखी असते, भेटली की सगळी कामं एकदमच सांगायची. पोपटने तेच केलं.

"तात्या, घरनं विचारलंय डब्यात काय धाडू, आन आत्याबायच्या हंड्याला काय मारू?"

"कणी," येसाजी म्हणाला. "आन हंड्याला..."

फोन कटला. 'कणी' पोपटला ऐकू आलं. पुढचं घाटाने गिळलं.

आता कणी म्हणजे आमच्याकडे आजारी माणसाची पेजही आणि पोलादाचे टोकदार तुकडेही. पोपटने आपल्या परीने हिशेब केला. मालक कामावर निघालेला माणूस, तो आधी कामाचं उत्तर देणार, पोटाचं मागनं. त्याने छायावहिनींना कळवलं की तात्या डब्याचं काय बोलले नाय. त्यांनी आपल्या मनाने सुकटीचं झणझणीत कालवण धाडलं. आणि पोपटने कंप्रेसरमधल्या उरल्यासुरल्या हवेवर कणीची टाकी जोडली.

मी त्याला म्हटलं, "पितळेला कणी? अरे, चाळण होईल."

"मला काय कळत नाय व्हय? पण मालक बोललाय. बहीण त्याची, हंडा त्याचा, मी मधी कोण? बुडापासनं चालू करतो. दिसंल तिच्यायला."

त्याचं बुडापासून सुरू करणं हीच त्या दिवसाची एकुलती शिल्लक. दोन फटकाऱ्यांत काजळी उडाली आणि खालचं पितळ करडं, खरखरीत, देवीचे वण उठल्यासारखं दिसायला लागलं. पोपटने हात काढला. मला म्हणाला, हे मालकाच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय मी गळ्याकडे जाणार नाय. मग आम्ही दोघं हंडा मध्ये ठेवून, घरी कुणाचं तरी दुखणं असावं तसे बसून राहिलो.

येसाजी रिक्षाने आला आणि त्याच्या मागूनच दुसरी रिक्षा आली. ललिताबाई, सोबत नात रोहिणी. म्हातारीला घरी धीर धरवला नव्हता. येसाजीने हंड्याचं बूड पाहिलं. आरडाओरडा करणारा माणूस नव्हे तो. पण त्याचा चेहरा असा पडला की पोपटनेच त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. घोटाळा कसा झाला हे उलगडायला वेळ लागला, आणि उलगडल्यावर हसावं की नाही हे कुणाला ठरवता येईना. शेवटी ललिताबाईनेच विचारलं, "मग ह्याला डबा काय मिळाला?" सुकटीचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. हंड्याची भरपाई झाली."

पण हसणं तेवढंच. ती उठून हंड्याजवळ गेली आणि काळ्या गळ्यावरून अंगठा फिरवला. ठिपके लागतायत का बघत होती. काजळीखाली काही लागेना.

येसाजीने वॉल्व्ह बसवला. तुसाचं पोतं स्वतः फोडलं. पोत्यातून गिरणीचा वास आला, कोंड्याचा आणि गरम पट्ट्याचा. ललिताबाई म्हणाली की आई गिरणीतून आली की तिच्या पदराला असाच वास यायचा. येसाजी म्हणाला, आक्का, तुला आठवतंय, ती तुसाच्या शेकोटीत रताळी पुरायची? तिला आठवत होतं. कोणतं रताळं कुणाला मिळालं यावरूनचं भांडणही आठवत होतं, आणि त्याचा निकाल तिच्या मते अजून लागलेला नव्हता.

तोंड झाकणारा टोप डोक्यावर चढवून येसाजी माल मारायच्या खोलीत गेला. खोलीच्या काचेतून आम्ही बघत होतो. तूस गवतात पाऊस पडावा तसं हलकं वाजत होतं. काजळी सालीसारखी उतरत गेली आणि खालून पितळ वर आलं. चकाकणारं नव्हे, पिकल्या केळ्यासारखं पिवळं, शांत. त्याने हंडा बाहेर आणला, फडक्याने पुसला, उजेडाकडे धरला. मग बहिणीच्या मांडीवर ठेवला.

रोहिणी खाली वाकून वाचायला लागली. 'चि.' नव्हतं. त्यापुढे नावाच्या जागी नुसतं गुळगुळीत. पार टोकाला 'पोशीर'मधला एक काना दिसत होता.

पोपट घाईघाईने म्हणाला, "आत्याबाय, हे माज्याच्यानं नाय झालं. कणी इथवर आलीच नव्हती."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

ती बोटाने त्या गुळगुळीत जागेवरून जात राहिली. मग तिने सांगितलं. सासू भांड्यांच्या चमकेवरून सून जोखायची. सकाळी ओढ्यावर सगळ्या बायका हंडे घासायच्या, विटेचा भुगा, राख आणि नारळाची शेंडी घेऊन. बाकीच्या बायका पोट घासायच्या. ही गळा घासायची, नावाची जागा. ते नाव सगळ्यांत जास्त चमकावं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, म्हणून रोज, दात खाऊन. नळ आला, हंडा चुलीवर चढला, काजळी धरली, आणि तिला वाटत राहिलं की खाली नाव तसंच आहे.

"मीच की गं ते घासून खाल्लं," ती नातीला म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. दुकानात चुकून जास्त पैसे देऊन आल्यासारखा होता.

पोपटने लगेच तोड सुचवली. कर्जतला अजून एक म्हातारा ठिपक्यांनी नावं घालतो. संध्याकाळच्या आत 'हिरू' घालून आणतो, वाटलं तर 'रोहिणी' घालू, दोन्ही घालू. येसाजी म्हणाला, पोपट बरोबर बोलतो, आक्का, होऊन जाऊ दे. चुकीची भरपाई करायला पुरुषांना फार घाई असते.

रोहिणी मात्र अजून वाचत होती. बोट पुढे सरकवत ती म्हणाली, "आजी, इथं मधे पुसट आहे काहीतरी. हिस... आईकडून."

"काय?"

"हिस आईकडून. एवढंच राहिलंय."

ललिताबाईला ते पुसट ठिपके दिसेनात, तिने पुन्हा वाचायला लावलं. मग येसाजीला वाचायला लावलं. मग मलाही, मी चष्मा आणायला स्टोअरमध्ये जाऊन आलो तोवर ती थांबली. तिघांनी तेच वाचल्यावर तिची खात्री पटली.

"हिस म्हंजी कुणास गं?" तिने नातीला विचारलं.

"जिला देतील तिला."

म्हातारीने त्या उरलेल्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग पोपटला म्हणाली, "नको रं नाव. असंच राहू दे."

येसाजी म्हणाला, "आक्का, आन तुजं? तू त्याच्यापायीच आलीस ना इथवर?"

"माजं तुला ठाव झालं, हिला झालं, ह्या पोपट्याला झालं. हंड्याला आणखी कशाला सांगायचं?" तिने गोणपाट झटकलं. "हिलाबी पोरगी होईल. नाव घातलं की ती म्हणंल, पणजीचं हाय, माजं नाय."

येसाजी बुडाचा विषय काढायला लागला. साबुदाणा मारून ते थोडं सारखं करतो म्हणाला. तिने हंडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि रोहिणीकडे दिला. रोहिणीने तो उराशी धरला, तिच्या पिवळ्या ड्रेसला तुसाचा एक कण चिकटला. येसाजी रिक्षापर्यंत मागे मागे गेला. रिक्षा सुरू होताना त्याने काहीतरी म्हटलं. कंप्रेसरच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. पण ललिताबाईने पदर तोंडाला लावून त्याला दटावलं, ते स्पष्ट ऐकू आलं.

"गप रं. थोरल्या बहिणीला नावानं हाक मारतो."