येतानाचा दीड तास

"चौदा तास? आणि मध्ये कुठेच थांबत नाही म्हणतेस?"

बाबांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. मी बॅगेत डायपर कोंबत होते आणि बबडी ते एकेक करून बाहेर काढत होती.

"नाही थांबत, बाबा."

"मग ड्रायव्हर जेवतो कधी?"

"पायलट! दोघं-तिघं असतात. आळीपाळीनं जेवतात."

"आळीपाळीनं," ते नाक मुरडून पुटपुटले. माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म एकट्यानं बस चालवली. सुटण्याआधी प्रत्येक चाक बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचं आणि मगच चढायचं. निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या सायकलीसुद्धा यातून सुटल्या नव्हत्या.

उद्या मला दहा महिन्यांच्या पोरीला घेऊन एकटीनं नवऱ्याकडे जायचं होतं. डोक्यात सारखं तेच. दूध पुरेल का? उतरताना तिचे कान दुखले तर? अख्खं विमान माझ्याकडे बघायला लागलं तर? आणि हे चष्मा कपाळावर चढवून तिकिटाचा कागद उलटसुलट करत बसलेले.

"हे चुकीचं छापलंय," त्यांनी जाहीर केलं. "जाताना चौदा, येताना साडेपंधरा. बारा हजार किलोमीटर जाताना, तेवढेच येताना. मग?"

"वर वारा असतो, बाबा. जाताना पाठीमागून, येताना समोरून."

"दीड तासाचा वारा?"

"हो."

"आणि ड्रायव्हरनं जरा दाबली तर?"

"बाबा, मला काय माहीत! मी चालवणार आहे का ते? येतानाचं येताना बघू. मला जातानाचंच निस्तरत नाहीये!"

माझा आवाज चढला तशी बबडीनं भोकाड पसरलं. मी तिला उचलून खांद्यावर टाकलं. बाबांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"तसं नाही गं," ते म्हणाले. "जाताना कोणाला घाई असते? घाईनं यायची वेळ येते ती येतानाच."

पंख्यानं त्यांचा सदरा हलला. वरची गुंडी उघडी होती आणि गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचा व्रण तिथून डोकावत होता.

"गुंडी लावा, बाबा," मी म्हटलं. "गार लागेल."

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या दाराशी टॅक्सीवाला सामान उतरवून निघून गेला. मागच्या माणसांच्या ट्रॉल्या माझ्या टाचांना लागत होत्या, पासपोर्ट पर्समध्ये सापडत नव्हता आणि नेमके तेव्हाच बाबा बबडीच्या बाबागाडीपुढे उकिडवे बसले. ठक. ठक. पुढची दोन चाकं झाली. गुडघ्यावर हात देत ते मागे आले.

"आजोबा, वाट सोडा," दारावरचा शिपाई म्हणाला.

"बाबा, लोक थांबलेत हो!"

"थांबू देत की. अजून दोन राहिलीत."

ठक. ठक. मग ते उठले, बाजूला झाले आणि गाडीच्या दांडीवर तळव्यानं दोन थापा मारल्या. बसला निघायची खूण करतात, तशा.

मी गाडी ढकलली. काचेचं दार मागे सरकत बंद व्हायला लागलं. गुळगुळीत फरशीवर मागचं डावं चाक कुरकुरायला लागलं.

दार लागायच्या आत त्यांनाही ते ऐकू आलं असणार. त्यांनी हाक मारली नाही.