नुसतं छान नको

अमेरिकेत बॉथेलजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या नंदाने लेकीसारखा सजवलेला केटरिंगचा दोन वर्षांच्या डिग्रीचा अभ्यासक्रम कॉलेजच्या मंजुरी समितीने परत पाठवला. सल्ल्यासाठी नेमलेल्या हॉटेल-व्यावसायिकांनी तो पाहून नुसतं ‘छान, छान’ म्हटलं होतं. समितीला त्यांनी सुचवलेल्या सुधारणा हव्या होत्या. आता एकच संधी उरली होती. मग नंदाने मराठी मंडळातले हॉटेलवाले आणि डबे करणाऱ्या काकू जेवायला बोलावल्या अन् अभ्यासक्रम पुढ्यात ठेवला.

“अगं, उरलेल्या अन्नाचं काय करायचं, ते कुठाय?” हॉटेलवाले प्रतापकाका गरजले.

“आणि दोनशे पानं एकदम वाढायला कोण शिकवणार, तू?” डबेवाल्या अहिल्याकाकूंनी टोमणा मारला.

वाटीतलं श्रीखंड सरलं, चुका काही सरेनात. नंदा हसतहसत लिहून घेत राहिली.

सुधारलेल्या अभ्यासक्रमाला समितीने एकमताने मंजुरी दिली. नंदाने लगेच अहिल्याकाकूंना फोन केला.

“बरं झालं गं बाई,” काकू म्हणाल्या, “पण डिग्रीचं नाव काही जमलं नाही हं!”