फॉरवर्डच्या डाव्या गुडघ्यावरून

किर्रर्र… असा आवाज होता तो. पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर पळते बूट एकदम थांबतात ना, त्या वेळचा. मी ऐकलेला तो पहिला आवाज. तेव्हा मी अगदी नवा होतो, पांढराशुभ्र, आणि जोलीनच्या डाव्या गुडघ्यावर बसलो होतो.

मी गुडघ्याला घालायचा पट्टा. आत दोन बोटं जाडीचा स्पंज, वर विणलेलं कापड, दोन्ही कडांना इलॅस्टिक. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. माझी आठवण जोलीनच्या गुडघ्यापासूनच सुरू होते. उजव्या गुडघ्यावर माझा जोडीदार होता. तो बोलका होता, मी नव्हतो. पुढे तो हरवला, म्हणून आता मला बोलावं लागतंय. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात त्या काळी शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल निराळा होता. एका संघात सहा जणी. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मैदानाच्या मधोमध एक रेघ, ती कोणी ओलांडायची नाही. फॉरवर्डनी पलीकडच्या अर्ध्यात बास्केट करायचं, गार्डनी अलीकडच्या अर्ध्यात समोरच्यांना अडवायचं. जोलीन गार्ड होती. बॉल हिसकावायची, दोन टप्पे द्यायची, रेघेपाशी किर्रर्र करून थांबायची आणि बॉल पलीकडे फेकायची. चार वर्षांत तिनं एकदाही बास्केटकडे बॉल टाकला नाही. नियमच तसा होता. पेपरात फोटो फॉरवर्डचे यायचे, गुडघे गार्डचे फुटायचे. मला तक्रार नाही. गार्ड नसत्या तर मला काम कुठलं मिळालं असतं?

जोलीनची शाळा संपली आणि लगेच तो नियमही गेला. सगळीकडे पाच-पाच जणींचा खेळ सुरू झाला, रेघ कोणीही ओलांडावी असा. तोवर आम्ही दोघं लोकरी हातमोज्यांच्या खोक्यात जाऊन पडलो होतो. तिथं किती हिवाळे गेले ते मी मोजले नाहीत.

मग एके दिवशी खोकं उघडलं. समोर एक लांबलचक पोरगी, चौदा वर्षांची, पाय अजून कुठं ठेवायचे ते न कळणारी.

“आई, हे काय? शी! वास येतोय.”

“माझा वास आहे तो. घाल गुपचूप.”

ती ब्रिटा टोलेफसन. जोलीनची मुलगी. जोलीन आता धान्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करायची नोकरी करत होती. संध्याकाळी घरी आली की जेवणाआधी यंत्रांच्या शेडमध्ये ब्रिटाला शिकवायची. पण शिकवणार काय? जे तिला येत होतं तेच. पाय कसे टाकायचे, समोरचीच्या कंबरेकडे कसं बघायचं, जमिनीवरचा बॉल कसा धरायचा. त्यामुळे मी रोज आपटत होतो. ब्रिटा सहा फूट दोन इंच झाली, आणि अख्ख्या परगण्यात तिला चुकवून कोणी पुढे जाईना.

तिच्या शाळेच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजचे कोच घरी आले. हॉफमायर त्यांचं नाव. मोठा माणूस, मोठा आवाज. लुंडग्रोव्हसारख्या चारशे वस्तीच्या गावात त्यांची गाडी उभी राहिली तेव्हा समोरच्या घराचे पडदे हलले. जोलीननं राजमा-खिम्याची तिखट चिली केली होती आणि सोबत दालचिनीचे रोल. कोचनी तीन रोल खाल्ले.

“बाई, अशी अंग मध्ये घालणारी पोर मी वीस वर्षांत बघितली नाही. हिला मी फॉरवर्ड म्हणून घेतो. शिक्षणाचा सगळा खर्च कॉलेजचा.”

जोलीन उठून सिंककडे गेली. नळ सोडला आणि तशीच पाठमोरी उभी राहिली. मी ब्रिटाच्या गुडघ्यावरून बघत होतो, जोलीन रडत होती. खर्चासाठी नव्हे. ‘फॉरवर्ड’ या शब्दासाठी. तिच्या कानात तो शब्द जुनाच होता. फॉरवर्ड म्हणजे जी बॉल टाकते ती, जिचं नाव लोक ओरडतात ती. कोचच्या तोंडी त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारलंच नाही. टेबलाशी बसलेल्या तिघांनी एकच शब्द ऐकला, आणि प्रत्येकानं आपापला अर्थ घेऊन सही केली.

कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अर्थ कळला. हॉफमायर डाव आखायचे त्या फळ्यावर ब्रिटाच्या नावाचा चौकोन होता, तिथून एकही बाण निघत नव्हता. तिचं काम आडोशाचं. तिनं ठरल्या जागी घट्ट उभं राहायचं, विरोधी मुलगी तिच्यावर येऊन अडकायची, आणि आमची मॅकेना मागून मोकळी निघून बास्केट करायची. या डावाचं नाव होतं ‘फाटक’. कोच कडेला उभे राहून ओरडायचे, “फाटक!” आणि ब्रिटा उभी राहायची. संघातल्या पोरी तिला ‘खांब’ म्हणायच्या. प्रेमानंच म्हणायच्या. पण रोज म्हणायच्या.

जोलीन प्रत्येक घरच्या सामन्याला दोन तास गाडी चालवून यायची. सामना संपला की एकच प्रश्न.

“तुला बॉल का देत नाहीत गं?”

“आई, आता फॉरवर्ड म्हणजे तसं नसतं.”

“मग कसं असतं?”

ब्रिटा खाली वाकून मला घोट्यापर्यंत ढकलायची, जणू तिला मीच टोचत होतो.

दोन वर्षं अशी गेली. संघ जिंकत होता, त्यामुळे बोलणार कोणाला? दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती कोचच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “कोच, मी माझं नाव कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत टाकतेय.”

हॉफमायर खुर्चीत मागे रेलले. “का? इथं काय कमी आहे?”

“मला बॉल टाकायचाय.”

“टोलेफसन, सगळ्यांनाच टाकायचा असतो. उभं राहणारी मिळत नाही.” मग ते थोडं हसले. “जा. पण खांब इथनं उपटून तिथं रोवला, तर काय होतं माहीत आहे? तिथं खांब होतो.”

तिनं वाकून मला वर ओढलं, नीट बसवलं आणि दार उघडून बाहेर पडली.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं.

“अर्ध्यात सोडायचं?” जोलीन म्हणाली. “आपल्यात कोणी अर्ध्यात सोडलंय का? तुझा आजोबा शेत अर्धं नांगरून कधी जेवायला आला नाही.”

“आई, मी दोन वर्षं उभी आहे. नुसती उभी. तुला निदान नियम तरी आडवा होता.”

जोलीननं माझ्याकडे हात केला. “ते काढ इकडे.” मला वाटलं, झालं, आता पुन्हा हातमोज्यांत. पण तिनं सुई-दोरा काढला, माझं सैल झालेलं इलॅस्टिक उसवलं आणि नवं घातलं. बारीक, घट्ट टाके. मग मला ब्रिटाच्या मांडीवर टाकलं.

“नवीन कॉलेज किती लांब आहे?”

“साडेपाच तास.”

“मग गाडीचे टायर बदलायला हवेत.”

नवं कॉलेज शेजारच्या मिझुरी राज्यात होतं, लहानसं, कधी फारसं न जिंकलेलं. तिथल्या कोच प्रूइट. बुटक्या, काळ्यासावळ्या, चष्मा कपाळावर. पहिल्याच दिवशी त्यांनी ब्रिटाला बॉल दिला. ब्रिटानं तो क्षणात दुसरीकडे देऊन टाकला.

“अगं, तापलेल्या तव्याला हात लागला का?”

“सवय नाही, कोच.”

“मग लावू. रोज तीनशे वेळा टाकायचा. जेवायला यायचं ते त्यानंतर.”

पहिल्या महिन्यात बॉल कुठंही जायचा. एकदा तर भिंतीवरच्या घड्याळाला लागला. प्रूइट म्हणाल्या, “वेळ चुकली तुझी,” आणि पुढचा बॉल हातात दिला. पण ऑगस्ट संपेपर्यंत आवाज बदलला. लोखंडी कडीचा ठणठणाट कमी झाला, जाळीची सळसळ वाढली. ब्रिटा उडी मारून खाली यायची तेव्हा तिचं वजन माझ्यावर वेगळं पडायला लागलं. आधी ती जमिनीत रुतायची. आता नुसती टेकायची. नाताळापर्यंत ती दर सामन्याला अठरा गुण करत होती.

आणि जानेवारीत सामना आला हॉफमायर यांच्या संघाशी. त्यांच्याच मैदानावर.

सात हजार लोक. ब्रिटाचं नाव पुकारल्यावर निम्म्यांनी आरडाओरडा केला. जोलीन वर बाराव्या रांगेत, मांडीवर लाह्यांची पिशवी. खेळ सुरू झाला, पाच मिनिटांनी पहिली विश्रांती झाली, आणि ब्रिटा धावत जाऊन बाकावर बसली. हॉफमायर यांच्या बाकावर! दोन वर्षांची पायांना सवय. मी खालून ओरडून सांगितलं असतं, पण मला कोण ऐकणार?

मॅकेनानं तोंडावर टॉवेल धरला. हॉफमायर म्हणाले, “बस, बस. पाणी पिऊनच जा आता.” अख्खं सभागृह हसलं.

ब्रिटा कान लाल करून आपल्या बाकाशी आली. प्रूइटनी चष्मा खाली ओढला. “पाहुणचार झाला? काय दिलं खायला?” सगळ्या पोरी हसल्या, आणि शेवटी ब्रिटाही. त्यानंतर ती खेळली, खरं खेळली. तेवीस गुण. पण त्यांचाही संघ काही कमी नव्हता. शेवटची चौदा सेकंदं उरली तेव्हा बासष्ट-बासष्ट, आणि बॉल त्यांच्याकडे.

ब्रिटा सोडून गेल्यावर हॉफमायर यांनी सगळ्या डावांची नावं बदलली होती. त्या सामन्यात रंगांची नावं ओरडत होते, निळा, पिवळा. आम्हाला एकाचाही अर्थ लागत नव्हता. पण सात हजार लोक उभे राहिलेले, घड्याळ पळतंय, आणि माणसाच्या तोंडून अशा वेळी जुनंच येतं. हॉफमायर यांच्या तोंडून आलं, “फाटक!”

माझ्याखालचा गुडघा स्थिर झाला. इतका स्थिर मी त्याला कधी अनुभवला नव्हता. हा बॉल कुठून कुठं जाणार हे जगात कोणाला ठाऊक असेल, तर तिला. त्या वाटेत ती दोन वर्षं उभी होती. नवी आडोसेवाली उभी राहिली, मॅकेना वळली, बॉल सुटला, आणि ब्रिटा एक पाऊल आधीच तिथं होती.

बॉल तिच्या हातात. ती पळाली. समोर एक जण आडवी आली, डावीकडे आमची एक मुलगी हात वर करून मोकळी. जुनी ब्रिटा बॉल देऊन टाकती. ही ब्रिटा थांबली, उंच उडाली, आणि बारा फुटांवरून बॉल टाकला.

सळसळ. नुसती जाळीची सळसळ, कडीला स्पर्शही नाही. घड्याळ संपलं. चौसष्ट-बासष्ट.

पोरी तिच्या अंगावर कोसळल्या आणि मी आयुष्यात शेवटचं जोरात आपटलो. इतका गोड मार मला कधी बसला नाही. वर बाराव्या रांगेत लाह्या सांडल्या होत्या. शेजारची अनोळखी बाई जोलीनला हलवत होती. “अहो, उठा! तुमचीच ना ती? जिंकली!” जोलीन म्हणाली, “थांबा हो जरा. गुडघे उठू देत नाहीत.”

आता माझ्या स्पंजचा भुगा झालाय. ब्रिटा शेवटच्या वर्षाला आहे, तिच्याकडे नवे निळे पट्टे आहेत. “म्हातारबाबा, तुम्ही आता आराम करा,” म्हणाली आणि मला जोलीनच्या दारामागच्या खुंटीवर अडकवून गेली. मी सुखात आहे. तुमच्यापाशी मागणं थोडंच आहे. एखादी जुनी वस्तू सैल झाली तर टाकण्याआधी एक टाका घालून बघा. आणि कुणाच्या लेकीला संघात घ्याल, तर तिला काय काम देणार ते आधी सोप्या शब्दांत सांगा.

एक सांगायचं राहिलं. त्या सामन्यानंतर ब्रिटा कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकड्यावर एकटी बसली होती. मला काढून शेजारी ठेवलं होतं. हॉफमायर आले. ती उठून उभी राहिली. कोचनी मग वाकून मला उचललं. मी घामानं थबथबलेलो. त्यांनी मला दोन्ही हातांनी पिळलं, नीट झटकलं, दुमडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. हात क्षणभर तिथंच राहिला. मग ते वळले आणि आपल्या संघाच्या खोलीकडे चालू लागले.