कोरड्यात घेतलेली माझी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. मला वेट लेन्स म्हणतात, म्हणजे ओल्या अंगाने काम करणारी. वाटीएवढी फुगीर काच, भोवती काळे कडे आणि मागे फिरवून बसवायचे आटे, एवढाच माझा संसार. माझे बाकीचे भाऊबंद कॅमेऱ्याच्या आत सुखाने बसतात. मला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसतो आणि पाण्याखाली गेल्यावर मला त्या डब्याच्या तोंडावर बसवतात. डबा आणि मी यांच्यामध्ये पाणी भरले की मला दृष्टी येते. माणसे एकमेकांना पाण्यात पाहतात ती गोष्ट वेगळी. मीही सगळ्यांना पाण्यातच पाहते, पण मायेने.

पाण्याबाहेर मी कुचकामी. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझा बाक पाण्यासाठी घासला, हवेसाठी नाही. हवेत माझ्यातून पाहिले तर धूसर दिसते आणि सरळ रेघसुद्धा वाकते. एवढे लक्षात असू द्या, कारण माझा घात याच गोष्टीने केला.

मला विकत घेणारा माणूस पाणबुड्या होता. लाँचचे बूड, धक्क्याचे खांब, तळाशी गेलेले नांगर तपासायचे आणि फोटो काढून मालकांना दाखवायचे, यावर त्याचे पोट. नदी समुद्राला मिळते तिथले ते पाणी इतके गढूळ, की हात लांब केला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. नुसत्या कॅमेऱ्यात मोठी वस्तू मावायची तर मागे सरकावे लागते, आणि मागे सरकले की मध्ये सगळा गाळच गाळ. मी बरोबर असले की वस्तूच्या नाकाला नाक लावले तरी ती अख्खी मावते. जितके जवळ जावे तितके पाणी कमी आणि तितके चित्र स्वच्छ.

सुरुवातीला त्याला माझी रीत कळेना. बसवताना माझ्या मागे हवेचा बुडबुडा अडकायचा, अर्धा फोटो पुसट यायचा, आणि हा वर येऊन मला नावे ठेवायचा. नाचता येईना अंगण वाकडे. मग हळूहळू शिकला. मला पाण्यातच सैल करायचे, तिरके करून बुडबुडा सोडून द्यायचा आणि पुन्हा बसवायचे. कोपऱ्यात माझ्या कड्याची काळी सावली येते म्हणून झूम किंचित आत घ्यायचा. माझ्या कडेला आलेली सरळ वस्तू जरा वाकते, मधोमध असलेली वाकत नाही, हेही त्याने बरोबर ओळखले. काम झाले की गोड्या पाण्याने अंघोळ घालायचा आणि मऊ फडक्यात गुंडाळायचा. घरी आलेल्या माणसाला सांगायचा, "हिच्यामुळे माझी चूल पेटते." मी फुशारून जायचे. वेडी होते मी.

त्याला वाढवले त्याच्या ताईने. तिचा नवरा प्रवासी लाँच चालवायचा. या भावोजींनीच त्याला लहानपणी पोहायला शिकवले होते.

एका सकाळी ओहोटीच्या वेळी भावोजींची लाँच धक्क्याला लागताना खालून काहीतरी आदळले आणि बूड फाटले. प्रवासी सगळे सुखरूप उतरले, पण लाँच तिथेच बसली. चालकाने धक्क्याला धडक दिली, असे बंदराच्या कचेरीने ठरवून टाकले. भावोजींचा परवाना काढून घेतला आणि चौकशी लावली. ते एकच सांगत राहिले, "मी खांबापासून चांगला लांब होतो. पाण्याखालीच काहीतरी लागलं." कुणी ऐकेना.

मग आम्ही दोघे खाली उतरलो. त्या दिवसासारखे काम त्याने कधीच केले नसेल. बुडबुडा सोडला, खांबाच्या अगदी जवळ गेला, खांब बरोबर मधोमध घेतला. आणि मला दिसले की वरून ताठ दिसणारा तो खांब पाण्याखाली लाँचच्या वाटेवर पोट काढून वाकला होता. शेजारचा खांब कडेला होता, तो जरासा माझ्यामुळे वाकला, हे मी मान्य करते. पण मधला खांब खरोखरच वाकडा होता. वर येताच त्याने ओल्या हातानेच फोन लावला. "ताई, रडू नकोस. भावोजींची काही चूक नाही. माझ्याकडे फोटो आहे."

चौकशीच्या आदल्या दिवशी धक्का बांधणारा ठेकेदार घरी आला. मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले, कौतुक केले. मग म्हणाला, "इथल्या सगळ्या धक्क्यांची तपासणी तुलाच द्यायची म्हणतोय. पण सरळ खांब वाकडे दाखवणारी माणसं मला चालत नाहीत बरं का." पाणबुड्याने मला त्याच्या हातातून घेऊन फडक्यात गुंडाळले. मला वाटले, मनात शिव्या देत असेल.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या लांब टेबलावर कॅमेऱ्याशेजारी मला ठेवले. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ताई मागच्या बाकावर बसली होती. चौकशी करणाऱ्या साहेबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "खांब तर वाकलेला दिसतोय."

पाणबुड्या उभा राहिला. "साहेब, ही लेन्सच सरळ वस्तू वाकडी दाखवते. तुम्हीच बघा."

त्याने मला उचलून साहेबांच्या हातात दिले. कोरडीठाक. साहेबांनी मला डोळ्याशी धरून खिडकीचे गज पाहिले. गज वाकले.

"खरंच की," साहेब म्हणाले.

मी एका हातातून दुसऱ्या हातात फिरले. कुणीतरी हसले. ठेकेदारानेही पाहिले आणि मान डोलावली. भावोजींच्या हातात आले तेव्हा त्यांनी माझ्यातून पाहिलेच नाही, ते मेव्हण्याकडे पाहत राहिले. मित्रांनो, अनोळखी माणसाने मला खोटी म्हटले असते तर मी मनावर घेतले नसते. पण हवेत मला दिसत नाही हे त्या खोलीत फक्त त्याला माहीत होते, आणि तेच त्याने वापरले. केसाने गळा कापला माझा. मला तोंड असते तर एक बादली पाणी मागितले असते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी त्या दिवशी जवळून पाहिला.

ताईला भिंगांतले काही कळत नाही. पण माझे कौतुक तिने भावाच्याच तोंडून वर्षानुवर्षे ऐकलेले. संध्याकाळी ती त्याच्या घरी आली, टब भरला आणि म्हणाली, "लाव ही डब्याला." पिशवीतून मुलीची पट्टी काढून तिने ती पाण्यात मधोमध उभी धरली आणि फोटो काढायला लावला. पट्टी सरळ आली.

"ताई, पोटाचा प्रश्न होता," तो म्हणाला.

"आणि माझ्या घरी कुणाला पोट नाही? पाठीवर मारलं असतंस तर सोसलं असतं. चल साहेबांकडे, हे सांग."

"आता शब्द फिरवला तर मला काम कोण देईल?"

ती पट्टी पुसून निघून गेली. नंतर तिने फोनवर सांगितले, ती एकटीच साहेबांना भेटून आली होती. साहेब म्हणाले होते, तुमचा भाऊ येऊन बोलला तर बघू. भाऊ गेला नाही. ठेकेदाराने तो खांब गुपचूप बदलला, आणि नवा खांब सरळ आहे याचा फोटो माझ्याकडूनच काढून घेतला. तो मात्र सगळ्यांना खरा वाटला.

भावोजींचा परवाना गेला तो गेलाच. घर तर चालवायचे होते. पाणबुड्या खाली उतरतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो आणि दुसरे टोक वर कुणीतरी धरून बसते. धक्क्यावर त्या कामाची जागा रिकामी झाली आणि ती भावोजींनी पत्करली. पहिल्या दिवशी दोघे समोरासमोर आले. पाणबुड्या खाली बघत म्हणाला, "भावोजी, दुसरं कुणी बघू का?"

"गाठ दाखव," भावोजी म्हणाले. त्यांनी ती सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट बांधली.

मित्रांनो, मला जपा, पुसा, ओरखडे पडू देऊ नका, असे मी म्हणणार नाही. ते सगळे त्याने केले होते. मागणे एवढेच, की कुणालाही खोटे ठरवण्याआधी त्याला त्याच्या पाण्यात उतरवून बघा. आणि ज्याचे खरे तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्यासाठी वेळेवर तोंड उघडा.

आम्ही आजही खाली जातो. त्या गढूळ अंधारात तो मधूनच दोराला झटका देतो आणि वरून लगेच उत्तराचा झटका येतो. एकदाही उशीर झालेला नाही. वर आल्यावर भावोजी हात देऊन त्याला धक्क्यावर घेतात. तो दोर सोडतो, मला सोडवतो, आणि त्या साक्षीबद्दल अजून एक शब्द बोललेला नाही.