गॅरेजमधल्या फ्रीजची थंडी

मित्रांनो, माझा जन्म थंडी करण्यासाठी झाला आणि मी आयुष्यभर थंडीलाच घाबरत आलो, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. मिनेसोटाच्या उत्तरेला, मार्लिसबाईंच्या गॅरेजात, गाडी आणि बर्फ ओढायच्या फावड्यांच्या मध्ये उभा असलेला मी एक म्हातारा फ्रीज आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग लोण्यासारखा पिवळा होता. मार्लिसबाई नव्या नवरीच्या कौतुकानं माझं दार पुसायच्या. त्यांच्या मुलीच्या, सोल्वेगच्या, दुधाच्या बाटल्या माझ्याच पोटात असायच्या. पुढे स्वयंपाकघरात दोन दारांचा चकचकीत फ्रीज आला आणि माझी रवानगी गॅरेजात झाली. यात अपमान वगैरे काही नाही. इकडे घरोघरी म्हाताऱ्या फ्रीजचं असंच होतं. आमच्यात मग बिअर ठेवतात, हरणाचं मटण ठेवतात, आणि मासेमारीच्या दिवसांत गळाला लावायची गांडुळंसुद्धा डब्यात घालून ठेवतात. दुधाच्या बाटल्यांनंतर गांडुळं! पण मी कधी कुरकुरलो नाही. म्हणजे कुरकुरायचो, पण ती मोटार जुनी म्हणून.

माझी भीती वेगळीच होती. ऐका. माझ्या आत गरम होऊ लागलं की माझी मोटार चालू होते आणि मी आतली ऊब बाहेर टाकतो. एवढंच मला येतं. पण गॅरेजच जर माझ्यापेक्षा थंड झालं, तर मोटार गप्प बसते. मग बाहेरची थंडी हळूहळू आत येते आणि मी नुसतं एक कपाट होऊन उभा राहतो. गार करणं माझ्या हातात आहे, गोठू न देणं नाही. हे मला ठाऊक होतं. मार्लिसबाईंना नव्हतं.

सोल्वेग मोठी झाली, शाळेची बस चालवू लागली, आणि मग आतड्याच्या दुखण्यानं पडली. सर्जननं तिचं बरंचसं लहान आतडं काढून टाकलं. त्यानंतर पोरगी जेवायची, पण अंगी काही लागायचं नाही. छातीत बसवलेल्या नळीतून रात्रभर तिला पोषण द्यावं लागे. अशात इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. पेप्टाइड म्हणतात त्याला. प्रथिनाचाच लहानसा तुकडा तो, रोज पोटावर टोचायचा. उरलेल्या आतड्याला तो जणू सांगतो, बाबा रे, आता तुझ्यावरच आहे, जरा जास्त शोषून घे. सगळ्यांना लागू पडेल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. पण सोल्वेगला लागू पडत होतं. आठवड्यातल्या काही रात्री ती नळीशिवाय झोपू लागली होती. "आई, मी काल पालथी झोपले," असं तिनं सांगितलं तेव्हा मार्लिसबाई गॅरेजात येऊन माझ्याआड रडून गेल्या.

औषधाची एकच अट होती. गार ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही.

त्या रविवारी मार्लिसबाईंच्या भावाच्या, वेंडेलच्या, नातीचा बाप्तिस्मा होता आणि चर्चनंतरचं जेवण आमच्याकडे. शनिवारपासूनच शेजारणी हॉटडिशचे, म्हणजे वर बटाट्याचे गोळे पसरून भट्टीत भाजलेल्या खिमा-भाजीचे, ट्रे आणून देत होत्या. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं दार मिनिटामिनिटाला उघडत होतं. मार्लिसबाईंना औषधाची काळजी वाटली. त्यांनी औषधाच्या कुप्यांचा डबा उचलला आणि माझ्या मधल्या फळीवर आणून ठेवला.

"इथे कुणी हात लावणार नाही," त्या मला थोपटत म्हणाल्या. "सांभाळ हं, म्हाताऱ्या."

मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण फ्रीजला तोंड म्हणून जे असतं ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून लोकांनी त्यांना विजेच्या वायरी लावल्या. माझ्या इंजिनाचं कुणाला काय! ते केव्हाच गप्प झालं होतं. आधी सोड्याचे डबे फुगले. मग अंडी तडकली. मी डब्याकडे बघत होतो. एका कुपीत काचेला चिकटून बर्फाची बारीक सुई उगवली. मग तिच्या शेजारी दुसरी. मला इतकी भीती पूर्वी कधीच वाटली नव्हती. माझ्याच पोटात ते घडत होतं आणि मला साधं थरथरताही येत नव्हतं.

रविवारी दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, मार्लिसबाई डबा न्यायला आल्या. त्यांनी कुपी वर उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. मागे बघून त्यांनी घराचं दार लोटलं. एकेक कुपी मुठीत धरली, स्वेटरच्या आत धरली, तोंडाची वाफ दिली. बर्फ विरघळला. औषध पुन्हा पाण्यासारखं नितळ दिसू लागलं.

"दिसतंय तर तसंच," त्या पुटपुटल्या. "कुणाला कळणार आहे?"

मला कळत होतं! हे टोचलं तर तिला काय होईल, की काहीच होणार नाही आणि नितळ पाणी टोचत टोचत आतडं पुन्हा मागे जाईल, ते मला ठाऊक नव्हतं. मार्लिसबाईंनाही नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

तेवढ्यात वेंडेल बिअर न्यायला आला. बिअरचा डबा उघडला तर आतून बर्फाचा गोळा.

"ताई, हा फ्रीज आहे की गोठलेलं तळं? गळ आणू का, मासे लागतील!" मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. "अगं, तू रडतेस? माझ्या नातीचं नाव आवडलं नाही वाटतं?"

"कांदा चिरत होते."

"गॅरेजात?"

मार्लिसबाई डबा छातीशी धरून पायऱ्या चढल्या. घराचं दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"आण गं आई तो डबा, वेळ झाली." सोल्वेगचा आवाज. मग सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज.

"थांब," मार्लिसबाई म्हणाल्या. "टोचू नकोस. गोठलं होतं ते. मी गॅरेजात ठेवलं होतं. तुझ्या भल्यासाठी..."

"गोठलं होतं? मग हे पातळ कसं?"

"मी हातात धरून केलं."

"आणि मला देणार होतीस?"

"हो," मार्लिसबाई म्हणाल्या. "वरच्या पायरीवर येईपर्यंत देणारच होते."

भांडं आपटल्याचा आवाज आला नाही, ओरडाही नाही. सोल्वेगनं इस्पितळातल्या माय ली नावाच्या नर्सला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"टोचायचं नाही," माय ली म्हणाली. "फेकूही नका, परत आणून द्या. नवं पाठवायला सांगते, पण शहराकडून येणारे मोठे रस्ते उडत्या बर्फानं बंद आहेत. आज नळी लावून घ्या."

"आतड्यानं कमावलेलं सगळं जाईल का?" सोल्वेगनं विचारलं.

"मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? वजन करत राहा, मला रोज कळवा. आणि सोल्वेग, आईनं सांगितलं ना? रागव, पण तेवढं लक्षात ठेव."

फोन ठेवून सोल्वेग म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय."

"मलाही गं पोरी."

त्याला आता काही दिवस झाले. नवा डबा अजून आलेला नाही. भिंतीपलीकडे रोज नळीचा पंप घरघरतो, आणि वजनकाट्यावर चढताना सोल्वेग आईला हाक मारते, एकटी चढत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूवर माया करा, पण तिच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवण्याआधी तिला काय झेपतं ते बघा. आमचं दार उघडा, हात घाला, किती गार आहे ते पाहा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. आणि कधी चूक झालीच, तर ती मुठीत धरून वितळवत बसू नका. तुम्हाला तोंड आहे. भीत भीत का होईना, पण वरच्या पायरीवर पोचायच्या आत सांगा.