खलाच्या तळाचा तांबूस ठिपका

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खल आहे. मला कुठे ओतलं, ते आठवत नाही. आठवतो तो आखाडा बाळापूरचा बाजार. तिथून मदीनाबीने मला मसाल्यासाठी घेतलं. पण माझा जन्म कोंबड्यांचं खाणं कुटण्यात गेला.

तिच्या बारा कोंबड्या होत्या. अंडी भुशाच्या टोपलीत घालून ती जवळा बाजारला न्यायची. एका वर्षी कवचं इतकी पातळ आली, की अंडी वाटेतच फुटू लागली. तांड्यावरची पारुबाई म्हणाली, "मदीना, तुह्या कोंबड्या अंडी देऊन राहिल्या का बुडबुडे?" तेव्हापासून मदीनाबी नदीतले शिंपले आणि जाळलेली हाडं माझ्यात कुटून दाण्यात मिसळू लागली. कवचं टणक झाली. बाजारात लोक तिचीच अंडी मागू लागले.

पुढे पिसं झडू लागली, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे, निळे खडे दिले. अंगाला थोडं तांबंही लागतं, पण तांदळाएवढा खडा, आठवड्यातून एकदा, बाराही जणींत मिळून, असं त्यांनी बजावलं.

त्याच सुमारास मदीनाबी बहिणीच्या बाळंतपणाला चार दिवस सेनगावला गेली. जाताना तिने बारा वर्षांच्या इशरतला, आपल्या लेकीला, सगळं नीट सांगितलं. पण त्या घरात पीठ काढताना माणशी दोन मुठी आणि वर एक मूठ बरकतीची घालायची रीत होती. पोरीला तो एवढासा खडा कंजूषपणाचा वाटला. तिने कोंबडीमागे एक चिमूट आणि वर एक बरकतीची, अशी पाणी शिंपडून माझ्यात कुटली आणि दाण्यात मिसळली. चारही दिवस.

ओलं मोरचूद लागलं की लोखंडावर तांब्याचा तांबूस डाग धरतो. चौथ्या दिवशी माझा सगळा तळ लाल झाला होता.

मदीनाबी परतली तेव्हा अंगणात नऊ कोंबड्या मरून पडल्या होत्या. तिने माझ्यात डोकावून पाहिलं. मग लेकीची निळी बोटं पाहिली. ती वाळू घेऊन बसली आणि तळ पांढरा होईपर्यंत मला घासत राहिली. नवऱ्याने, हैदरने, विचारलं तेव्हा म्हणाली, "म्याच चुकीचं सांगून गेले. पोरीला काही बोलू नका."

इशरत दाराशी उभी राहून ऐकत होती.

त्यानंतर जवळा बाजारला मदीनाबीची अंडी न विकताच परत येत. कोंबड्यांना विष घालणारी, असं बायका म्हणत. ती ऐकून घेई. शिंपले मात्र कुटत राहिली. त्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

१९४८च्या पावसाळ्यात ती तापाने गेली. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर इशरतने मला आपल्या सासरी आणलं. तिच्याही कोंबड्या आहेत. पहिल्या आठवड्यात तिने तांदळाएवढा एकच खडा माझ्यात टाकला, दोन थेंब पाणी घातलं आणि तो कुटला. तळाला एक तांबूस ठिपका उमटला. ती त्याच्यावर वाकली.

"अम्मी, ते म्या टाकलं होतं," ती म्हणाली.



मित्रांनो, कोंबड्यांना शिंपला हवा तेवढा ठेवा, त्या लागेल तेवढाच टिपतात. मोरचूद मोजून द्या. माझ्यासारखी जुनी भांडी घासा, पुसा, गंजू देऊ नका. फक्त माझ्या तळाचा तो ठिपका घासू नका. इशरत रोज तेवढी जागा सोडून घासते.